नवी ग्रॅव्हल बाइक, पहिलीच लांब राइड: या चुका टाळा

ग्रॅव्हल बाइक म्हणजे खडीच्या, कच्च्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल. ती घेणाऱ्यांपैकी कुणाचा तरी दर मोसमात असा एक फोन येतोच. "शनिवारी सायकल हातात येतेय, रविवारी दोनशे किलोमीटरची राइड आहे, कच्चा रस्ता, चढही बरेच आहेत. काय काय सोबत घेऊ?" मी सांगतो, या रविवारी जाऊ नका. समोरचा हिरमुसतो, मलाही वाईट वाटतं. तरी उत्तर बदलत नाही, कारण त्या रविवारी पुढे काय होतं ते मी खूपदा पाहिलंय.

सायकल काल आली, राइड आज

दुकानातून आलेली सायकल जोडलेली असते, मुरलेली नसते. गिअरच्या केबलचं आवरण टोकांशी घट्ट बसायचं असतं, स्पोक आपापल्या जागी दबायचे असतात, बोल्ट पहिल्या हादऱ्यांत थोडे सैलावतात. डांबरी रस्त्यावर हे हळूहळू होतं. खडीवर तेच दोन तासांत होतं, तेही घरापासून लांब.

एकदा एक मित्र माझ्याबरोबर १८० किलोमीटरच्या राइडला आला. सायकल चार दिवसांची. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर त्याचा गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला. सराव कमी पडला असं त्याला वाटलं. थांबला, गुडघा चोळला, पुन्हा निघाला. पुढे एका चढावर मी त्याच्या मागे होतो, तेव्हा दिसलं की पेडल तळाला गेलं तरी त्याचा पाय नको तेवढा वाकलेलाच राहतोय. सीट खाली गेली होती. प्रत्येक हादऱ्याला सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, केसभर आत सरकत आला होता. किती सरकला ते सांगता येईना, कारण मूळ उंचीची खूणच केलेली नव्हती. अंदाजाने सीट वर घेतली, पण गुडघ्याचं व्हायचं ते झालं होतं. आणखी वीस किलोमीटरनंतर तो गाडीत बसून परत गेला आणि पुढचे तीन आठवडे सायकलला हात लावू शकला नाही. त्याने त्या राइडसाठी किती महिने सराव केला होता हे मला माहीत होतं, म्हणून ती गोष्ट अजून सलते.

तेव्हापासून नव्या सायकलवर मी पहिलं काम करतो ते म्हणजे सीटची उंची ठरली की सीटपोस्टला क्लॅम्पच्या (दांडा आवळून धरणाऱ्या कड्याच्या) अगदी वर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळतो. टेप आणि क्लॅम्प यांच्यात फट नसेल तर सीट जागेवर आहे. टेप वर गोळा होऊ लागली की सीट घसरतेय. सीटपोस्ट कार्बनचा असेल तर कार्बन पेस्ट (दांडा घसरू न देणारी खरखरीत पेस्ट) लावायची आणि क्लॅम्पवर छापलेल्या आकड्याएवढंच, टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते सांगणाऱ्या पान्याने) आवळायचं. हा आकडा बहुतेक वेळा ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. "हाताला कळतं किती आवळायचं" असं म्हणणाऱ्यांनी मोडलेले बोल्ट मी काढून दिलेत.

मग तीन राइड. पहिली तीसेक किलोमीटरची; घरी आल्यावर स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा), सीटचा क्लॅम्प, डिस्क, क्रँक (पेडलचे दांडे), बाटलीचे स्टँड, चाकं धरून ठेवणारे दोन्ही थ्रू अ‍ॅक्सल सगळं तपासायचं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची. कटकट जाणवली तर बहुधा हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, सैल आहे. आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करायचे, मग वरचा बोल्ट किंचित आवळायचा, मग पुन्हा बाजूचे. हा क्रम चुकवून नुसता वरचाच बोल्ट पिळणारे पुष्कळ आहेत. दुसरी राइड साठ-सत्तर किलोमीटरची, लांब राइडला जेवढं सामान नेणार तेवढं लादून. तिसरी शंभरची, तशाच खडबडीत रस्त्यावर. एवढ्यात सायकल तिचे दोष बहुतेक दाखवून देते.

टायर दगडासारखा टणक

ही माझी दुसरी दुखरी नस. टायरच्या बाजूला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरा असा सल्ला नसतो. रोड बाइकवरून आलेले लोक सवयीने ६०-७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरतात. गुळगुळीत रस्त्यावर सायकल वेगात जातेय असं वाटतंही. खडीवर तोच टायर प्रत्येक दगडावरून उडतो. पायांनी लावलेला जोर अंग हलवण्यात जातो, वळणावर पकड सुटते आणि तीन तासांनी तळहात बधिर होतात. मग लोक ग्लोव्हज बदलतात, हँडलबार टेप बदलतात, सीट बदलतात. आधी हवा कमी करून बघा. रिम हुकलेस (टायर अडकवायला आतून कड नसलेली) असेल तर अजून जपायला हवं, तिथे ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआय ही हद्दच आहे.

माझं वजन ७० किलो. ४० मिलीमीटरच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरात मी पुढे २९ आणि मागे ३२ भरतो, सामान असेल तर मागे दोन-तीन जास्त. हे आकडे तुमचे नाहीत. तुमचे शोधायचे तर ४० पासून सुरू करा, एकाच खडबडीत पट्ट्यावरून जा, दोन कमी करा, पुन्हा जा. रिम दगडाला ठेचल्याचा आवाज आला की तीन वाढवा आणि तिथेच थांबा. प्रत्येक पंपाचा काटा थोडं वेगळं सांगतो, म्हणून पंप एकच वापरा. आत ट्यूब असेल तर एवढं खाली जाऊ नका. रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. या खटाटोपाला एक संध्याकाळ लागते. ती द्यायची नसेल तर महागडे टायर घेऊन काही उपयोग नाही.

बाकीच्या, थोडक्यात

डिस्क ब्रेक नवे असताना नीट धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, चालण्याच्या वेगापर्यंत या, चाक लॉक करू नका. असं वीसेक वेळा, दोन्ही ब्रेकना वेगवेगळं. पहिल्या मोठ्या उतारावर हे करायला निघू नका. आणि चेनला तेलाचा स्प्रे मारू नका. डिस्कवर उडालं की पॅड गेले.

मागे मोठ्या चकतीवर चेन चढायला कुरकुर करते? केबलचं आवरण बसलंय, म्हणून केबल सैल पडलीय. डिरेलरपाशी (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागापाशी) असलेला बॅरल अ‍ॅडजस्टर, म्हणजे केबल ताणायची गोल चावी, पाव फेरी घड्याळाच्या उलट फिरवा, चालवून बघा, मग पुढची पाव फेरी.

सर्वांत हलका गिअर पुरेसा हलका आहे का? पुढे ४० आणि मागे ३४ दात असतील तर सुट्या खडीच्या उभ्या चढावर सामानासह उतरावं लागेल. तिथे उभं राहून जोर लावता येत नाही, मागचं चाक घसरतं. पुढच्यापेक्षा मागचे दात जास्त हवेत.

उतारावर हात ड्रॉप्समध्ये, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागात. वर ठेवलेले हात एका खड्ड्यात निसटतात.

खाणं भूक लागायच्या आधी, पहिल्याच तासापासून. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, आणि ती पचतात का हे सरावाच्या राइडलाच बघून ठेवा.

ट्यूबलेस आहे म्हणून जादा ट्यूब न नेणं हा निव्वळ आळस. सीलंटने (भोकं बुजवायला टायरात ओतलेल्या द्रवाने) न भरणारी चीर कधीतरी पडतेच. व्हॉल्व्हला रिमशी धरून ठेवणारी चकती पकडीने आवळून ठेवली असेल तर रस्त्यात ती उघडत नाही आणि ट्यूब असून नसल्यासारखी. बोटांनी आवळा, तेवढं पुरतं. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवून प्रत्येक काटा काढा. सीलंटने आजवर लपवलेले सगळे काटे तिथेच असतात.

शेवटची चूक माझी स्वतःची. थांब्यावर सायकल उजव्या बाजूला पडली. रंगाला ओरखडा नाही बघून मी निघालो. हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा छोटा तुकडा, आत वाकला होता ते पाहिलंच नाही. पुढच्या चढावर सर्वांत हलका गिअर टाकला आणि डिरेलर थेट स्पोकमध्ये. तीन स्पोक तुटले, डिरेलर तुटला, आणि मी ११ किलोमीटर सायकल ढकलत नेली. आता सायकल उजवीकडे पडली की मी मागे उकिडवा बसून डिरेलर चकत्यांच्या सरळ रेषेत आहे का ते बघतो, आणि हलक्या गिअरवर हळूहळू, चाक हाताने फिरवत जातो. हँगर बऱ्याचदा फ्रेमगणिक वेगळा असतो, वाटेत मिळत नाही. सायकल घ्याल तेव्हाच दुसरा मागवा आणि अ‍ॅलन की व तुमच्या चेनच्या मापाच्या क्विक लिंकसोबत (तुटलेली चेन जोडायच्या कडीसोबत) सीटखालच्या बॅगेत ठेवून द्या.