बहिणी-बहिणींची कादंबरी फसते कुठे? या चुका टाळा

दोन बहिणी, आईचा मृत्यू, कुलूप लागायच्या बेतात असलेलं घर आणि पोटात साठलेला जुना हिशेब. एवढं भांडवल हाती असलं की कादंबरी आपोआप चालेल असं वाटतं. चालते, साधारण तिसऱ्या प्रकरणापर्यंत. मग दोघी एकमेकींना तेच ते सुनावत राहतात, मधूनमधून रडतात आणि शेवटच्या पानावर गळ्यात पडतात. वाचणारी केव्हाच उठून कुकर लावायला गेलेली असते.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच कल्पित घर उदाहरणाला घेऊ. सोलापूर, साखर पेठ. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. वडील यंत्रमागावर होते, ते जाऊन बारा वर्षं झाली. अम्मा विड्या वळायची. थोरली, म्हणजे अक्का, लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहते. धाकटी पुण्यात नोकरीला, लग्न केलेलं नाही. कथा सुरू होते तेव्हा अम्माला जाऊन तीन दिवस झालेत.

भांडण दोघींचंच ठेवणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. बहिणींच्या चुरशीला तिसरं माणूस लागतं. ते बघतं, तोलतं, एकीच्या ताटात घास जास्त वाढतं किंवा तसा भास होऊ देतं. आई म्हणजे या सामन्यातला पंच. ती गेली तरी सामना चालूच राहतो, फक्त धावा मोजायला कुणी उरत नाही. शोक आणि चुरस यांची गाठ इथे बसते. ज्या मसुद्यात आई म्हणजे हार घातलेला फोटो एवढंच असतं, तिथे मुली नेमक्या कशासाठी भांडतायत हे कळत नाही. मग लेखिका घर, दागिने, मेव्हण्याचं वागणं अशी ठिगळं लावत सुटते.

उपाय वहीत आहे. एका पानावर दोन रकाने आखा आणि प्रत्येकीच्या नावे दहा नोंदी करा: मी काय केलं, तिला काय मिळालं. ‘अक्काने खूप सोसलं’ ही नोंद चालणार नाही. ‘नववीपासून अक्का शाळेतून आल्यावर रोज तीनशे विड्या वळायची, धाकटी शेजारी बसून गृहपाठ करायची’ ही चालेल. विडीची मजुरी हजारावर मिळते, तेव्हा या घरात मायासुद्धा हजाराच्या हिशेबाने मोजली गेली असणार. पान भिजवायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपातली तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. अक्काची बोटं हे अजून विसरलेली नाहीत. धाकटीला अम्माने सुपाला हात लावू दिला नाही. ही एकच गोष्ट अक्काच्या रकान्यात ‘तिचे लाड’ म्हणून आहे आणि धाकटीच्या रकान्यात ‘मला कधी आपल्यात घेतलंच नाही’ म्हणून.

अशा, दोन्ही रकान्यांत उलट्या तोंडाने बसलेल्या, निदान तीन घटना सापडेपर्यंत पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नये. कादंबरी त्या तिनांवर उभी राहते. बाकीच्या नोंदी भर घालायला कामाला येतात.

एक गरीब गाय, एक वाघीण

दुखणं असं ओळखावं: एका बहिणीच्या वाट्याला सगळी सेवा, दुसरीच्या वाट्याला सगळी लिपस्टिक. पुण्याची धाकटी मोबाइलमध्ये तोंड घालून बसते आणि अक्का बिचारी भांडी घासते. वाचकाने बाजू घेतली की वाचन संपलं, पुढे फक्त शिक्षा सुनावायची राहते.

भांडणाचा एखादा प्रसंग घ्या आणि तोच दुसरीच्या बाजूने चारशे शब्दांत लिहून काढा. पुस्तकात तो छापायचा नाही. लिहून झाल्यावर तुमचं मन तिच्याकडे थोडंही झुकलं नाही, तर पात्र अजून कच्चं आहे. सेवा करणारीकडेही जरा संशयाने बघा. अक्का रोज डबा पोचवत होती हे खरं. पण डबा पोचवल्याचं दर रविवारी फोनवर ऐकवतही होती. धाकटी महिन्याला पैसे पाठवायची आणि ते अम्मासाठीच होते, हे बिंबवायला व्यवहाराच्या शेऱ्यात दर वेळी ‘औषध’ लिहायची.

पाच पायऱ्यांची शिडी

शोकाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पाच पायऱ्या: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. अनेक मसुद्यांत प्रकरणंच या क्रमाने लागलेली दिसतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९मध्ये हा क्रम मांडला तो मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचा शोक अशा जिन्याने चढतो असा पुढे समज झाला. लेखनाच्या दृष्टीने जास्त उपयोगी पडतं ते मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९मध्ये सांगितलेलं: शोक करणारं माणूस दुःख आणि रोजची कामं यांच्यामध्ये हेलकावे खातं. पाच मिनिटं हुंदका, मग गॅसचा नंबर लावणं, मग परत.

सोलापुरात हा हेलकावा आयता मिळतो. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये काही दिवस जातात. पाण्याचा दिवस नेमका सुतकात आला तर? पहाटे ‘पाणी आलं गं’ अशी हाक येते आणि रडून सुजलेल्या डोळ्यांनी अक्का पिंपं, घागरी, बादल्या भरायला धावते. अम्माचं पिंप भरायचं की नाही, इथे ती क्षणभर थबकते. त्या क्षणावर अर्धं पान खर्च करा. अंत्ययात्रेवर दोन ओळी पुरतात.

दिवसांचं वेळापत्रक मात्र चोख हवं. अनेक मराठी घरांत तिसऱ्या दिवशी राख सावडतात, दहाव्याला पिंडदान, तेराव्या-चौदाव्याला गोडाचं जेवण. रूढीप्रमाणे लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवसांचं आणि बिनलग्नाच्या मुलीला दहा दिवसांचं. आपल्या घरात हीच रीत धरली, तर जन्मभर उशाशी बसलेली अक्का चौथ्या दिवशी मोकळी होते आणि पाहुणीसारखी आलेली धाकटी अजून सुतकात असते. ‘तुझं सुटलं की’ एवढं एखाद्या मावशीने म्हटलं तरी अक्काला पुरे आहे. ही जखम एकही शिवी न घालता होते.

रीत समाजागणिक बदलते, आणि सोलापुरात तर एका बोळात तीन रीती सापडतात. लिंगायत घरांत दफनाची परंपरा आहे. तिथे अस्थिकलश घेऊन चंद्रभागेवर निघालेली नायिका दाखवली की सोलापूरचा वाचक त्या पानावर पुस्तक मिटतो. तुमच्या पात्रांच्या समाजातल्या एखाद्या वयस्क बाईला विचारून दिवसवारी लिहून घ्या.

कागदांचा घोळ

‘आईने घर थोरलीच्या नावावर केलं होतं’ या एका वाक्यावर कितीतरी कादंबऱ्या तोललेल्या असतात. प्रश्न असा की घर आईचं होतं का? आपल्या उदाहरणात ते वडिलांच्या कमाईचं, वडिलांच्याच नावावर. ते मृत्युपत्र न करता गेले आणि त्यांची आई आधीच वारलेली होती. मग त्याच दिवशी घराचे तीन सारखे हिस्से झाले: अम्मा, अक्का, धाकटी. अम्माला मृत्युपत्राने देता येईल तो तिचा तिसरा हिस्सा. तो तिने अक्काला दिला असेल तर अक्काकडे दोन तृतीयांश, धाकटीकडे एक. अम्मानेही काहीच लिहिलं नसेल तर निम्मं-निम्मं. या आकड्यांतच नाट्य आहे, खोट्या सह्या आणि तिजोरीच्या किल्ल्या आणायची गरज नाही.

आणखी काही ठिकाणी पाय घसरतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. पीएफ किंवा बँकेच्या कागदावरची नॉमिनी पैसे हातात घेते, पण तेवढ्याने मालकीण होत नाही. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा दुसरीसाठी सोडल्याचा दस्त, तेराव्याच्या पंगतीत कोऱ्या कागदावर सही घेऊन होत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागतं, अंगठा द्यावा लागतो आणि तिथला कॅमेरा फोटो काढतो. वर्षानुवर्षं दोघींचा एकत्र फोटो नाही, आणि आता एकाच दस्तावर शेजारी-शेजारी. हा प्रसंग सोडू नका.

सोलापूर शोभेला लावणं

पहिल्या पानावर चादर, दुसऱ्यावर शेंगाचटणी, तिसऱ्यावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीतली यात्रा. पर्यटनाची पत्रिका झाली. गाव तेव्हाच लिहावं जेव्हा त्याच्यामुळे पात्राला काही करावं लागतं किंवा करता येत नाही. धाकटीचं तेलुगू पुण्यात गंजलं. शेवटच्या आठवड्यात अम्मा फक्त तेलुगूत बोलायला लागली तेव्हा धाकटीला अक्काकडे विचारावं लागलं, ‘काय म्हणाली?’ आणि अक्काने जे सांगितलं ते खरं होतं की नाही, हे तिला कधीच कळणार नाही. तेलुगू तेवढ्यापुरतं एखाद्या शब्दात येऊ द्या. रोज फोनवर अम्मा विचारायची तो ‘तिन्नावा?’, म्हणजे जेवलीस का, पुरेसा आहे.

गड्ड्याची तारीख चुकवू नका. अक्षता सोहळा भोगीला, होम संक्रांतीला. पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यांची गर्दी बघायची म्हणून सुतकातल्या बाईला नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीत नाचवू नका.

संवाद: भावना तोंडाने बोलून दाखवणं

मसुद्यात असं असतं:

‘तू आईवर कधी प्रेमच केलं नाहीस!’ अक्का संतापून म्हणाली. ‘आणि तू मला कधी बहीण मानलंच नाहीस,’ म्हणताना धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

अशी वाक्यं घरात कुणी बोलत नाही, मालिकेत बोलतात. मधे एक वस्तू ठेवा आणि दोघींना वस्तूबद्दलच बोलू द्या. शेंगाचटणी कुटायचा लोखंडी खलबत्ता घ्या. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा कोरडा कूट होतो किंवा गोळा. कुटल्यावर तेल सुटतं आणि लसूण-तिखट त्यात मुरतं, म्हणून हे भांडं जपलं जातं. शिवाय त्याचे दोन भाग वेगळे होतात.

अक्कानं फळीवरून खल खाली घेतला. आत तेल वाळून काळं झालं होतं.
‘बत्ता कुठंय?’
‘पुण्यात.’
‘पुण्यात कशाला?’
‘अम्मानं दिला. मागच्या गड्ड्याला आले होते तेव्हा.’
‘नुसता बत्ता?’
‘खल जड आहे म्हणाली. पुढच्या वेळी ने म्हणाली.’
अक्का पदरानं खल पुसायला लागली. ‘मला म्हणाली, हरवला. वर्षभर मी वरवंट्यानं कुटतेय.’

कुणी रडलं नाही. पण पंचाने एकीशी खोटं बोलून दुसरीला झुकतं माप दिलं, हे दोघींना एकाच वेळी कळलं. आणि तो बत्ता पुण्यात टीव्हीशेजारी नुसता ठेवलेला आहे, त्याने कधी काही कुटलं गेलं नाही, हे पुढच्या प्रकरणासाठी राखून ठेवा.

बोलीचा अतिरेकही करू नये. बहिणींच्या तोंडी वाक्यागणिक सोलापुरी ‘बे’ कोंबला की विनोदी व्हिडिओ होतो. ‘काय करायलीस?’सारखं एखादं क्रियापद पानातून एकदा आलं तरी कान ओळखतो. धाकटीने थोरलीला ‘अक्का’ आणि ‘तू’ म्हणावं. भांडणात ती ‘अक्का’ गाळते, तिथे वाचक आपसूक सावध होतो.

स्वतःची किंमत बाहेरून आणणं

धाकटीला बढती मिळते. अक्का चटणीचा उद्योग काढते, वर्तमानपत्रात फोटो येतो. केस कापले जातात. या तिन्हींपैकी काहीही झालं तरी पंच बदलला एवढंच होतं: आधी आई तोलायची, आता साहेब किंवा गिऱ्हाईक. जी बाई चाळीस वर्षं दुसऱ्याच्या नजरेत स्वतःला मोजत आली, तिचं मोजणं सुटल्याचं भाषेत दिसायला हवं.

हे तपासायला पेन्सिल पुरते. अक्काच्या संवादातला प्रत्येक ‘ना?’, ‘बरोबर ना?’, ‘चाललं ना?’ गोल करा. पहिल्या दोन प्रकरणांत पंधरा-वीस निघाले तर उत्तमच. शेवटच्या दोन प्रकरणांतही तेवढेच असतील, तर पात्र जागचं हललेलं नाही, बढती मिळो की बक्षीस. कमी करताना एकदम शून्यावर आणू नका. एखादा उरू द्या आणि तो कुणाला विचारला जातो ते बघा. नवऱ्याला विचारायची सवय सुटते पण धाकटीला विचारायची राहते, असं निघालं तर तुमच्या हाती पुढची दोन प्रकरणं लागली.

शेवटी गळाभेट

बत्ता परत येतो, खलात बसतो, दोघी हसतात. हे सगळ्यांना पाचव्या प्रकरणातच दिसलेलं असतं. वहीतल्या त्या तीन उलट्या नोंदी पुन्हा काढा. त्यातली एकच नोंद एका बहिणीला दुसरीच्या रकान्यातून वाचता आली, तरी शेवट झाला. उरलेल्या दोन तशाच राहू द्याव्यात. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला सकाळी लवकर सुटते. अक्का स्टेशनपर्यंत रिक्षात बसते, की पाण्याचा दिवस आहे म्हणून दारातूनच हात करते, ते ठरवा आणि लेखणी खाली ठेवा.