पीजीची चॉइस लिस्ट कशी भरावी: नव्या डॉक्टरांसाठी

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की इंटर्न मुलामुलींच्या मोबाइलवर एक एक्सेल शीट फिरायला लागते. कॉलेज, ब्रांच, गेल्या वर्षी सीट कितव्या रँकला संपली. तीच शीट थोडी इकडंतिकडं करून अनेक जण आपली चॉइस लिस्ट, म्हणजे हव्या त्या सीटची पसंतीक्रमानं यादी, म्हणून भरून टाकतात आणि पुढची तीन वर्षं तिनं दाखवलेल्या वॉर्डात काढतात. गेल्या वर्षी माझ्या भाच्याची लिस्ट आम्ही दोघांनी बसून केली. त्यात जे कळलं ते इथं क्रमानं लिहितो.

कुठली सीट कोण देतं ते आधी नीट समजून घ्या. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या सीट ऑल इंडिया कोट्यातून केंद्राची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी (एमसीसी) भरते. उरलेल्या निम्म्या राज्याच्या. महाराष्ट्रात ते काम सीईटी सेल करतो. अभिमत विद्यापीठं आणि डीएनबी (रुग्णालयांतून होणारं, एमडी-एमएसच्या तोडीचं पीजी) हेही एमसीसीकडेच. एम्स, चंदीगडचं पीजीआय, पुदुच्चेरीचं जिपमर यांची आयएनआय-सीईटी ही परीक्षा वेगळी असते. म्हणजे बहुतेकांना दोन लिस्ट भराव्या लागतात, आणि दोन्हींच्या तारखा एकमेकींत अडकतात. दोन्ही माहितीपत्रकं त्या वर्षीचीच वाचा. सीनियरनं सांगितलेला नियम बहुधा त्याच्या वर्षीचा असतो.

संगणक सीट कशी देतो ते पाहा. सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. "वर मोठी कॉलेजं टाकून चॉइस वाया घालवू नकोस" असं भाच्याला तिघांनी सांगितलं होतं. ते चूक आहे. संगणक रँकच्या क्रमानं एकेक उमेदवार घेतो, त्याची लिस्ट वरून खाली वाचतो आणि त्याला मिळू शकणारी पहिली शिल्लक सीट देतो. पहिल्या नंबरावर मुंबईच्या केईएमचं रेडिओलॉजी टाकलं आणि रँक पुरला नाही, तर तो दुसऱ्या नंबरावर येतो, बस. तुमच्या मागच्या रँकचा मुलगा तुमची दुसरी पसंती स्वतःची पहिली म्हणून टाकून तुमच्या पुढं जाऊ शकत नाही, कारण तुमची लिस्ट त्याच्या आधी वाचून झालेली असते. अमेरिकेत रेसिडेन्सीचं मॅच, म्हणजे तिथलं पीजीचं सीटवाटप, वेगळं असतं, तिथं हॉस्पिटलंही उमेदवारांची क्रमवारी लावतात. पण मनातला खरा क्रमच लिहा, हा सल्ला तिथल्या नव्या डॉक्टरांनाही देतात.

तेव्हा गेल्या वर्षीचे कटऑफ पाहायचे ते लिस्ट किती खालपर्यंत न्यायची हे कळण्यासाठी. क्रम त्यांच्यावरून लावायचा नाही. फेरीनिहाय निकाल संकेतस्थळावर असतात. आपल्या प्रवर्गाचे गेल्या दोन वर्षांचे आकडे बघितले तरी अंदाज येतो.

ब्रांच आधी की कॉलेज आधी? बहुतेकांनी ब्रांच आधी ठरवावी असं माझं मत आहे. मेडिसिन आवडणारा मुलगा नावाजलेल्या कॉलेजच्या मोहानं भलत्याच ब्रांचला गेला, तर त्याला पुढची तीस वर्षं तेच करायचं असतं. पुढं सुपरस्पेशालिटी करायची असेल तर तिला कोणती ब्रांच चालते हेही आत्ताच बघा. पण ब्रांच एकदा ठरली की कॉलेजचं वजन फार वाढतं, विशेषतः सर्जरी, ऑर्थो, गायनॅकमध्ये. हात बसायला पेशंट लागतात. आणि इथं मुंबई-पुण्याचं नाव म्हणजेच सगळं काही नाही. अंबाजोगाई किंवा मिरजेसारख्या ठिकाणी मुंबईच्या मानानं वरचे सीनियर कमी असतील, तर दुसऱ्या वर्षालाच तुम्ही ऑपरेशनच्या टेबलाशी उभे राहू शकता. हे गृहीत मात्र धरू नका, जाऊन विचारा.

जाऊन बघा. यादीतल्या वरच्या पाच-सहा ठिकाणांपैकी जमतील तितकी प्रत्यक्ष बघा, आणि ओळखीच्या सीनियरला सांगून रात्री जा. दिवसाच्या ओपीडीत सगळीकडं सारखीच गर्दी दिसते.

आम्ही दोन कॉलेजांचे मेडिसिन वॉर्ड रात्री दहाच्या सुमारास पाहिले. पहिल्या ठिकाणी जेआर-१ च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरच्या, एप्रनच्या खिशात रक्ताचे सात-आठ नमुने होते, बाटल्यांवर चिकटपट्टी लावून पेनानं नावं लिहिलेली. ते घेऊन तो समोरच्या इमारतीतल्या लॅबमध्ये धावत गेला, परत आला आणि पेशंटची ट्रॉली स्वतः ढकलत सीटीला घेऊन निघाला. आम्ही होतो त्या दोन तासांत त्यानं कुणालाही स्टेथो लावला नाही. दुसऱ्या ठिकाणी गर्दी तितकीच होती, पण नमुने वॉर्डबॉय नेत होता. जेआर-३ नं पेशंटच्या टेबलावर ईसीजीची पट्टी पसरली होती आणि पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारत होता, "एसटी कुठल्या लीडला वर आहे? मग हृदयाची नळी कुठली बंद आहे?" तिचं उत्तर चुकलं. त्यानं पट्टी पुन्हा तिच्याकडं सरकवली. भाच्याच्या लिस्टमध्ये या दोन कॉलेजांचा क्रम त्या रात्री बदलला. एक्सेलमध्ये तो उलटा होता.

बोलायचं ते जेआर-२ शी. जेआर-१ ला बोलायला वेळ नसतो, आणि विभागप्रमुख आपल्या विभागाबद्दल वाईट सांगणार नाहीत. असं विचारा:

- आठवड्यात इमर्जन्सी ड्यूटी किती? दुसऱ्या दिवशी खोलीवर किती वाजता जाता येतं?
- पहिली अपेंडिक्स किंवा पहिलं सिझेरियन स्वतःच्या हातानं कधी केलं? (सर्जरीवाल्यांना थेट "कटिंग मिळतं का" विचारा.)
- गेल्या तीन वर्षांत कुणी सीट सोडली का? कशामुळं?
- गाइड थिसिस वाचतात का?
- स्टायपेंड कागदावर किती आणि खात्यात किती, कितव्या तारखेला?
- डीआरपीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या सक्तीच्या कामाच्या, तीन महिन्यांसाठी कुठल्या जिल्हा रुग्णालयात पाठवतात?

आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९९२ पासून केंद्राच्या रेसिडेन्सी योजनेत लिहिलेली आहे. २०२३ च्या पीजी नियमावलीत आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० पगारी रजा आहेत. यातलं किती पाळलं जातं हे जेआर-२ लाच माहीत असतं.

ड्यूटी रूम स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आतून कडी लागते का, मुलींसाठी वेगळी खोली आणि टॉयलेट आहे का, वॉर्डापासून तिथवरच्या जिन्यात दिवा आहे का. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवरची निवासी डॉक्टर विसाव्यासाठी सेमिनार रूममध्ये गेली होती; तिथंच तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला. हे बघायला संकोच करू नका, आणि आईवडील सोबत असतील तर त्यांनाही दाखवा.

मग क्रम लावा. पैशांचा हिशेब आधी उरका: फी, अनामत, बाँड (पीजीनंतरची सक्तीची सेवा) किती वर्षांचा, मध्येच सीट सोडली तर दंड किती. परवडत नाही ते नाव लिस्टमध्येच नको. उरलेली नावं चिठ्ठ्यांवर लिहा आणि दोन-दोन समोर ठेवा. दोन्ही सीट हातात आल्या तर ट्रंक घेऊन कुठं जाल? तिला वर ठेवा. आमचा एक रविवार यात गेला, आणि भांडणही झालं, कारण ताईला मुलगा घराजवळ हवा होता. तेही कारण खरंच आहे. लपवून ठेवण्यापेक्षा क्रमात धरलेलं बरं.

शेवटी एक रेघ ओढा: यापेक्षा खालचं मिळालं तर मी जाणार नाही, पुन्हा परीक्षा देईन. रेघेखालचं काहीही भरू नका. एमसीसीच्या पहिल्या फेरीतली सीट न घेता सोडता येते. पुढच्या फेऱ्यांत अनामत जाते आणि अगदी शेवटच्या फेरीत पुढच्या परीक्षेवर बंदीपर्यंत प्रकरण जातं.

लिस्ट लॉक करायला शेवटच्या रात्रीची वाट बघू नका. लॉक केली नाही तर मुदत संपताना आहे त्या अवस्थेत आपोआप लॉक होते. प्रिंट काढून प्रत्येक ओळ दुसऱ्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. एमडी आणि डिप्लोमा, सारख्या नावाची दोन कॉलेजं, इथं चुका होतात.

सीट मिळाली, तुम्ही रुजू झालात आणि अपग्रेडला, म्हणजे पुढच्या फेरीत वरची सीट घ्यायला, होकार दिलात, तर दुसऱ्या फेरीत नवी सीट मिळताच जुनी आपोआप जाते. "दोन्ही बघून ठरवतो" असं करता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीची लिस्ट नव्यानं करा आणि हातातल्या सीटपेक्षा खरोखर हवं तेवढंच तिच्यात ठेवा. भाच्यानं सातच चॉइस भरल्या. आठव्या नंबरावर त्यानं स्वतःच्या वहीत, हातात असलेल्या सीटचं नाव लिहिलं होतं.