बटरफ्लाय नाइफच्या ट्रिक्स शिकायच्यात? मग सुरुवात ट्रेनरनेच करा

बटरफ्लाय नाइफ फिरवताना बघायला भारी वाटतं आणि व्हिडिओ बघून आपल्यालाही लगेच हात शिवशिवायला लागतात, त्यात चूक काहीच नाही. पण सुरुवात धारदार नाइफनेच करायची हा हट्ट मात्र सोडा. बोथट पात्याचे ट्रेनर मिळतात, वजन आणि हालचाल तीच, फक्त धार आणि टोक नाही. आणि ट्रेनर म्हणजे लहान मुलांचं खेळणं असंही समजू नका, खूप चांगले फ्लिपर्स, म्हणजे हा नाइफ फिरवणारे, वर्षानुवर्षं फक्त ट्रेनरवरच खेळतात आणि त्यांच्या ट्रिक्स कुठल्याही बाजूने कमी नसतात. माझं स्पष्ट मत आहे की ही कला हाताची आणि मनगटाची आहे, धारेचा तिच्याशी संबंध नाही.

हा प्रकार मूळचा फिलिपिन्सचा, तिथे बातांगास प्रांताचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे आणि खरं नाव बालिसाँग. दोन हँडल, मध्ये पातं, दोन्ही हँडल पिव्हटवर, म्हणजे पात्याला जोडणाऱ्या खिळीवर, पूर्ण फिरतात, बंद केलं की पातं दोन्ही हँडलच्या मध्ये लपतं.

विकत घेण्याआधी कायदा बघा, आणि हे टाळू नका. हा नाइफ बऱ्याच देशांत बंद आहे. जर्मनीत २००३ पासून बंदी आहे, ब्रिटनमध्ये १९८८ पासून विक्री आणि आयात बंद आहे आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ पासून घरात नुसता ठेवणंही गुन्हा आहे. काही ठिकाणी ट्रेनर चालतो, काही ठिकाणी कस्टमवाले तोही अडवतात. तुम्ही राहता तिथे काय नियम आहे ते आधी नीट शोधा. ट्रेनर कायदेशीर असला तरी लांबून तो खऱ्या नाइफसारखाच दिसतो, त्यामुळे बस, शाळा, कॉलेज, गर्दीच्या जागा इथे तो बाहेर काढायचाच नाही, आणि विमानात हँडबॅगेत तर अजिबात नाही.

ट्रेनर कसा निवडायचा

प्लास्टिकचा स्वस्त ट्रेनर हलका असतो, हात फिरवला की हँडल मागे मागे येतच नाही, आणि मग वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. धातूचा घ्या, साधारण १०० ते १५० ग्रॅम वजनाचा. पात्याला भोकं असलेले मिळतात, वजन कमी करायला ती भोकं पाडलेली असतात. कडा बोटाने चाचपून बघा, कुठे खरखर लागली किंवा टोकदार कोपरा लागला तर बारीक सँडपेपर मारून गुळगुळीत करून घ्या. दोन्ही हँडल पिव्हटवर मोकळे फिरायला हवेत पण खडखडायला नकोत.

एक गोष्ट बरेच जण करतात ती म्हणजे खऱ्या नाइफच्या धारेवर टेप गुंडाळून त्यावर शिकणं. नका करू. पाच-दहा मिनिटांत टेप सरकते, आतून कापली जाते, आणि तुम्ही मात्र टेप आहे या भरवशावर बिनधास्त हात फिरवत असता. तसंच घरी घासून धार घालवलेल्या नाइफचं टोक तसंच राहतं, ते विसरू नका.

सेफ हँडल आणि बाईट हँडल

हे पाठ झाल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण सगळी सुरक्षितता इथे आहे. पात्याच्या धारेच्या बाजूला जे हँडल येऊन बंद होतं ते बाईट हँडल, आणि पात्याच्या पाठीच्या, म्हणजे बोथट बाजूला येतं ते सेफ हँडल. सुरुवातीच्या सगळ्या ट्रिक्समध्ये हातात सेफ हँडलच धरायचं, म्हणजे पातं फिरून बोटांवर आलं तरी पाठीची बाजू लागते. चुकून बाईट हँडल धरलं तर तीच हालचाल, तोच वेग, पण बोटांवर येते ती धार.

लॅच, म्हणजे खालची कडी, बहुतेक वेळा बाईट हँडलवर असते, त्यामुळे लोक लॅच बघून ओळखतात. पण काही मॉडेल्सना ती दुसऱ्या हँडलवर असते आणि काहींना नसतेच, म्हणून लॅचवर भरवसा न ठेवता पातं बघून ओळखायची सवय लावा. ट्रेनरचं पातं दोन्हीकडून सारखं दिसत असेल तर एक बाजू धारेची ठरवून टाका आणि बाईट हँडलला रंगीत टेपचा छोटा तुकडा लावा. आणि ट्रेनर असला तरी ती बाजू खरोखर धारदार आहे असं समजूनच खेळा. ट्रेनरवर लागलेली चुकीची सवय नंतर सुटत नाही, हात आपोआप तेच करतो.

जागा आणि तयारी

उभं राहून प्रॅक्टिस करा, बसून केलं की पडलेला नाइफ सरळ मांडीवर येतो. पायात बंद बूट, खाली गादी किंवा जाड सतरंजी. हात लांब करून गोल फिरलात तर कोणाला लागणार नाही एवढी जागा मोकळी हवी, लहान मुलं आणि मांजर-कुत्री खोलीबाहेर. हात कमरेच्या उंचीवर, कोपर वाकलेला, चेहऱ्यापासून लांब. अंगठ्या काढा, नखं कापा, हात कोरडे ठेवा. घाम येत असेल तर मध्येमध्ये पुसा, ओल्या हातातून धातू सटकतोच.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. नाइफ हातातून सुटला की तो पकडायचा नाही. हात बाजूला, पाय मागे, आणि पडू द्यायचा. आपली सहज प्रतिक्रिया झेलायची असते, आणि हवेत फिरणाऱ्या पात्यावर झडप घालणं हे या छंदातल्या वाईट जखमांचं एक मोठं कारण आहे. म्हणून ट्रेनरवर मुद्दाम हे शिका, रोज सुरुवातीला काही वेळा ट्रेनर हातातून सोडा आणि मागे सरका, हात आपोआप दूर जायला लागेपर्यंत. कंटाळवाणं वाटेल, पण याला वेळ द्या.

पहिली ट्रिक, साधं ओपनिंग

लॅच उघडा. सेफ हँडल मुठीत धरा, पिव्हटचं टोक वर अंगठ्याकडे, लॅचचं टोक खाली करंगळीकडे, आणि बाईट हँडल तळहातापासून लांबच्या बाजूला. पकड मध्यम हवी. घट्ट आवळलं की हँडल हातात वळणार नाही.

एकूण तीन हालचाली आहेत, झटका, वळसा, झटका. पहिल्या झटक्यात मनगट हलवून बाईट हँडल मोकळं सोडायचं, ते पात्याला घेऊन फिरतं आणि पात्याची पाठ तुमच्या बोटांच्या पेरांवर येऊन टेकते. दुसऱ्या हालचालीत अंगठा थोडा सैल करायचा आणि सेफ हँडल हातातल्या हातात अर्धा वळसा फिरू द्यायचं. तिसऱ्यात मनगट उलट दिशेला झटकायचं, बाईट हँडल गोल फिरून तळहातात येतं आणि दोन्ही हँडल जुळतात. झालं ओपन. बंद करताना हेच उलट क्रमाने.

पहिल्यांदा हे वेगात करूच नका. दुसऱ्या हाताने बाईट हँडल धरून एकेक टप्पा सावकाश फिरवून बघा, पातं कुठे येतं, बोटांना काय लागतं, अंगठा कुठे आड येतो. हे डोक्यात बसलं की मग हलका झटका. नवीन माणसं साधारण सारख्याच चुका करतात, अख्खा हात हलवतात जिथे फक्त मनगट पुरतं, किंवा मधला वळसा विसरतात आणि मग हँडल बोटांवर आपटतं. तुमचं कुठे अडतंय ते कळत नसेल तर मोबाइल समोर ठेवून स्लो मोशनमध्ये स्वतःचा व्हिडिओ काढा, बहुतेक वेळा तो वळसाच अर्धवट असतो.

बंद होताना बोट दोन हँडलच्या मध्ये राहिलं तर कातडी चिमटते आणि रक्त साकळतं, ट्रेनरवर हे हमखास होतं. वेग कमी केला की थांबतं. पेरं दुखायला लागली तर तेवढ्यावर बंद करा, दहा-पंधरा मिनिटांची प्रॅक्टिस सुरुवातीला पुष्कळ आहे. मनगट किंवा अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल तर दोन-तीन दिवस सुट्टी द्या, त्यावर ओढत राहिलात तर दुखणं लांबतं. दमलेलं असताना किंवा दारू प्यायलेलं असताना तर हातातच घेऊ नका.

साधं ओपन आणि क्लोज न बघता जमायला लागलं की डबल रोलआउट घ्या, त्यात तोच वळसा एक वेळा जास्त आहे. मग दुसऱ्या हाताने हे सगळं पहिल्यापासून. त्यानंतर वाय-टू-के रोलओव्हर आणि चॅपलिन, यात हँडल बोटांवरून आणि अंगठ्यावरून फिरतं आणि हातातलं हँडल बदलत राहतं, म्हणून सेफ-बाईटचा हिशोब डोक्यात पक्का हवा. हवेत उडवून झेलायच्या एरियल्स सगळ्यात शेवटी, आणि त्या तर कायम ट्रेनरवरच ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं.

स्क्रू तपासा

प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी पिव्हटचे दोन्ही स्क्रू बघा. झटक्यांनी ते हळूहळू सैल होतात आणि मध्येच निघाले तर हँडल किंवा पातं सुटून उडतं. योग्य मापाच्या टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाच्या) ड्रायव्हरने घट्ट करा आणि निळ्या रंगाचं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, थेंबभर लावा. लाल लावू नका, ते नंतर सहज सुटत नाही. लॅच सारखी हातावर आपटत असेल तर ती काढून ठेवली तरी चालते.

तरीही कापलंच तर

कधी पुढे जाऊन धारदार नाइफ घेतलात आणि कापलं, तर स्वच्छ कापड जखमेवर दाबून हात छातीच्या वर धरा आणि १० मिनिटं सलग दाबा, मध्ये उघडून बघू नका, उघडलं की परत रक्त सुरू होतं. रक्त थांबत नसेल, जखमेच्या कडा फाकत असतील, बोट नीट वाकत किंवा सरळ होत नसेल, किंवा टोकाला बधिर वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. बोट हलवणारी शीर (कंडरा) किंवा संवेदनेची नस (मज्जातंतू) कापली गेली असू शकते आणि ती वेळेत शिवली तरच नीट जुळते, त्यामुळे दुखत नाही म्हणून वाट बघत बसू नका. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही डॉक्टरांना सांगा, जखम मळलेली असेल आणि पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर परत घ्यावं लागतं.

धारदार नाइफ घ्यायचाच झाला तर ट्रेनरसारखाच वजनाचा आणि बॅलन्सचा घ्या, आणि पहिले काही आठवडे फक्त साधं ओपन-क्लोज, तेही निम्म्या वेगाने. नवीन ट्रिक शिकायची असली की परत ट्रेनर हातात. खेळून झालं की लॅच लावून कुलूपबंद कपाटात ठेवा, घरात मुलं असतील तर ट्रेनरसुद्धा तिथेच, कारण त्यांना दोघांतला फरक कळत नाही.