स्नायूंच्या सिम्युलेशनसाठी परदेशी प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी

कोल्हापुरात राहून बायोमेकॅनिक्समध्ये (शरीराच्या हालचाली आणि बलांच्या अभ्यासात) पीएच.डी. करणाऱ्याने परदेशातील संशोधन-वास्तव्याची तयारी फेलोशिपच्या जाहिरातींपासून नव्हे, तर स्वतःच्या प्रश्नापासून सुरू करावी. असा प्रश्न तालमीतही सापडतो. पैलवान बैठक मारताना मांडी पोटरीला टेकेपर्यंत खाली जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या ओपनसिम या शरीराच्या हालचालींचे सिम्युलेशन करणाऱ्या विनामूल्य संगणक-प्रणालीतील बरीच प्रचलित मॉडेल मात्र चालणे-धावणे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहेत. गुडघा इतका वाकला की त्यांतील स्नायूची रेषा हाडातून आरपार जाऊ शकते, आणि मांडी-पोटरीच्या स्पर्शातून मिळणारा आधार हिशेबात धरलेला नसल्याने गुडघ्यावरील भार वास्तवापेक्षा जास्त दिसतो. तरीही आलेख सुबक येतो आणि चूक लक्षात येत नाही, हीच पंचाईत.

हा दोष आधी घरच्या संगणकावर दाखवता आला पाहिजे. हालचाल टिपण्यासाठी दोन आयफोनच्या चित्रीकरणावरून हालचाल मोजणारी ओपनकॅप ही प्रणाली सुरुवातीला पुरेशी आहे (सैल ट्रॅकपँटपेक्षा लंगोटातला पैलवान इथे केव्हाही बरा). त्यानंतर शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांच्या १९३८च्या संशोधनावर आधारलेल्या स्नायू-मॉडेलमध्ये कंडरेची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीची) शिथिल लांबी, म्हणजे ताण येऊ लागण्यापूर्वीची लांबी, पाच टक्क्यांनी कमी-जास्त करून बलात किती फरक पडतो ते पाहावे. हा आकडा प्रत्यक्ष मोजणे कठीण असते आणि निष्कर्ष त्यावरच फार अवलंबून असतात. मात्र चित्रीकरणापूर्वीच संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी, आणि माहिती परदेशी जाणार असल्याचा स्पष्ट उल्लेख मराठी संमतीपत्रात करावा. मागाहून ही मंजुरी मिळत नाही.

प्रयोगशाळा प्रश्नानुसार निवडावी. संपूर्ण शरीराच्या हालचालीसाठी स्टॅनफर्ड किंवा बेल्जियममधील ल्युव्हेन, तर स्नायूचे त्रिमितीय विरूपण (आकारातील बदल) अभ्यासायचे असल्यास जर्मनीतील श्टुटगार्ट किंवा ऑकलंड यांचा विचार व्हावा. प्राध्यापकांना लिहिताना स्वतःची स्तुती टाळून एक परिच्छेद, मॉडेलचा दोष दाखवणारा आलेख आणि ‘सहा महिन्यांत मी अमुक तपासू इच्छितो’ एवढेच पाठवावे. अमेरिकेत जाण्यासाठीची फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची असते, त्यामुळे नवी मॉडेल-रचना उभारण्याचे आश्वासन देऊ नये. निमंत्रणपत्र हाती आल्यावरच अर्ज पूर्ण करणे सोयीचे ठरते.

निघण्यापूर्वी लेखकांचा क्रम, कोडची मालकी आणि परतल्यावर माहिती वापरण्याचा हक्क या तीन गोष्टी ईमेलवर लेखी ठरवाव्यात. तिथे वापरात असलेल्या सिम्युलेशन-प्रणालीची आवृत्तीही तेव्हाच विचारून घ्यावी, कारण आवृत्ती बदलली की जुनी मॉडेल फाइल प्रत्येक वेळी जशीच्या तशी चालेलच असे नाही.