घरच्या गिगाबिट लाइनला स्वतःचा फायरवॉल कसा बसवावा

राउटर घ्यायला गेलं की दुकानदार अँटेना मोजून दाखवतो आणि खोक्यावरच्या ‘एएक्स ३०००’वर बोट ठेवतो. ती ३०००ची थाप नव्हे, बेरीज आहे: एका बँडचे ५७४ आणि दुसऱ्याचे २४०२ एमबीपीएस, दोन्ही कागदावरचे. फायरवॉल (आत-बाहेर जाणारी वाहतूक तपासणारा पहारेकरी) चालू असताना, व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा एन्क्रिप्टेड खासगी बोगदा) लावलेला असताना तो डबा किती वेग पेलतो, हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसतं. गिगाबिटची लाइन घेतली असेल तर विचारायचा प्रश्न तोच. माझं मत ठाम आहे: वायफायचा डबा वेगळा, फायरवॉलचा डबा वेगळा. आणि फायरवॉलच्या डब्यावर पैसे टाकण्याआधी आपली लाइन घरात नेमकी कशी येते ते माहीत करून घ्या.

डबा

१ गिगाबिटपर्यंत इंटेल एन१०० प्रोसेसरचा, पंखा नसलेला मिनी पीसी पुरतो. ८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी, किमान दोन नेटवर्क पोर्ट. पोर्ट इंटेलचेच बघा, शक्यतो आय२२६ चिपचे. त्याआधीच्या आय२२५च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष होता आणि तसा जुना माल अजून विकला जातो. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या फायरवॉलला रिअलटेकचे पोर्ट मी तरी लावणार नाही, आणि यूएसबीला लटकवलेला लॅनचा अडॅप्टर तर नाहीच.

‘घरातला जुना डेस्कटॉप वापरा, फुकटात होईल’ हा सल्ला देणाऱ्याने विजेचं बिल भरलेलं नसतं. ५० वॅट खाणारं यंत्र अहोरात्र चाललं तर महिन्याला ३६ युनिट होतात. १० वॅटवाल्याचे सात-साडेसात. शिवाय लाइट गेल्यावर डेस्कटॉपला मोठा इन्व्हर्टर लागतो. मिनी पीसी १२ व्होल्टचा असेल तर छोट्या यूपीएसवर चालतो, पण राउटरसाठी विकले जाणारे बरेच यूपीएस जेमतेम २ अँपिअर देतात, म्हणून डब्याच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलेत ते आधी वाचा. टीव्हीच्या बंद कपाटात डबा ठेवू नका. मे महिन्यात त्याची भट्टी होते.

सॉफ्टवेअर

ओपीएनसेन्स (फ्रीबीएसडीवरच चालणारं फुकट फायरवॉल सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर चढवा, डब्यात बसवा, पासवर्ड बदला. एवढंच. फक्त आतल्या नेटवर्कचा पत्ता १९२.१६८.१.१ तसाच सोडू नका. फायबर कंपनीच्या डब्याचाही बहुधा तोच असतो आणि दोघे भांडतात. १९२.१६८.५०.१ करून मोकळे व्हा.

ब्रिज मोड: खरी गोम इथे आहे

कंपनीचा डबा, म्हणजे ओएनटी, दोन कामं करतो: काचेच्या तारेतला प्रकाश इथरनेटवर आणणं आणि राउटर म्हणून वागणं. पहिलं त्याच्याकडेच राहू द्यायचं, दुसरं काढून घ्यायचं. हाच ब्रिज मोड. ‘डीएमझेड लावा, चालतं’ असं सांगणारे भेटतात, म्हणजे ओएनटीला राउटरच राहू द्यायचं आणि बाहेरून येणारं सगळं आपल्या डब्याकडे वळवायला सांगायचं. व्हिडिओ बघण्यापुरतं चालतंही. पण प्रत्येक जोडणी मग ओएनटीच्या अशक्त प्रोसेसरमधूनच जाणार, आणि बाहेरून घरी व्हीपीएन जोडायची वेळ आली की दोन्ही डब्यांत पोर्ट उघडत बसायचं. नवा डबा घेतला कशाला मग?

कंपनीला आधी एवढं विचारा: जोडणी पीपीपीओईची (युजरनेम-पासवर्ड देऊन होणारी) आहे की थेट डीएचसीपीची (पत्ता आपोआप मिळणारी)? युजरनेम आणि पासवर्ड काय? व्हीलॅन (एकाच तारेतली वेगळी आभासी लाइन) क्रमांक कोणता? खात्याला मॅक ॲड्रेस (नेटवर्क पोर्टचा ओळख क्रमांक) बांधलेला आहे का? ग्राहक सेवेच्या फोनवर यांची उत्तरं क्वचित मिळतात. एरियातल्या लाइनमनला गाठा, त्याला सगळं ठाऊक असतं. काही कंपन्या ब्रिज देतच नाहीत. ते कळायचं तर ते डबा विकत घेण्याआधीच कळलेलं बरं.

आता ओएनटीला हात लावण्यापूर्वी त्याच्या वॅन (बाहेरची, इंटरनेटची बाजू; लॅन म्हणजे घरातली) पानावरच्या प्रत्येक नोंदीचा फोटो काढा. रिसेटच्या बारीक भोकात टाचणी घालू नका. कुणी कितीही सांगो, घालू नका. ओएनटीची कंपनीकडची नोंदणी काही ठिकाणी आत साठवलेल्या ओळखीवर चालते. ती पुसली की पॉनचा (फायबरच्या जोडणीचा) दिवा लुकलुकत राहतो आणि लाइनमन येईपर्यंत घर बंद. वॅन पानावर इंटरनेटखेरीज आणखी नोंदीही दिसतील, फोनची एक आणि कंपनीच्या देखरेखीची एक. त्या काढल्या तर लँडलाइन मुकी होते. बदलायची ती फक्त इंटरनेटची नोंद: ‘रूट’चं ‘ब्रिज’ करा, ती लॅन १ पोर्टला बांधा, ओएनटीचं वायफाय बंद करा. लॅन १मधून केबल फायरवॉलच्या वॅनला, आणि तिथे पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, माझंही बरेच दिवस अडलं होतं. जोडणी होत नाही, मग माणूस दिसेल ते बटण दाबत सुटतो. तसं करू नका, लॉग उघडा. फायरवॉल आधी ‘पाडी’ नावाची हाक मारतो आणि पलीकडून ‘पाडो’ असं उत्तर यावं लागतं. हाकांमागून हाका जातात आणि उत्तरच नाही, असं दिसलं तर पासवर्डशी खेळण्यात अर्थ नाही; तो अजून कुणी विचारलेलाच नाही. गडबड ब्रिजमध्ये किंवा व्हीलॅनमध्ये आहे. व्हीलॅनचा शिक्का एकानेच मारायचा असतो. ब्रिज नोंदीत तो क्रमांक भरलेला असेल तर बहुतेक ओएनटी शिक्का स्वतः लावतात-काढतात, मग फायरवॉलवर व्हीलॅन ठेवायचा नाही. ओएनटी पॅकेट जसंच्या तसं पुढे ढकलत असेल तर तो फायरवॉलवर बनवावा लागतो. दोन्ही करून बघा, एका वेळी एकच.

उत्तर येतंय पण पुढे नकार मिळतोय, तर प्रश्न खात्याचा. पासवर्ड चुकलाय, मॅक बांधलेला आहे, किंवा जुन्या डब्याचं सत्र कंपनीच्या सर्व्हरवर अजून जिवंत आहे. शेवटचं कारण फार वेळा निघतं. दोन्ही डबे बंद करा, चहा पिऊन या, मग चालू करा. मॅकचा प्रश्न असेल तर जुना मॅक वॅनवर भरा किंवा कंपनीला बांधणी सोडायला सांगा.

जोडणी झाली, पण काही साइट उघडतात आणि बँकेची मात्र नुसती फिरत राहते? पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट खातं, त्यामुळे १५००ची मर्यादा १४९२वर येते. ओपीएनसेन्स हे बहुधा स्वतःच सांभाळतं. नाही सांभाळलं तर वॅनच्या एमएसएसच्या (एका पॅकेटमधल्या मजकुराच्या कमाल मर्यादेच्या) खान्यात १४९२ भरा. ४० वजा करून तो स्वतः १४५२ धरतो.

आणि वेग ५००-६००वर अडकला तर लगेच कंपनीशी भांडू नका. पीपीपीओईचं पॅकेट नेटवर्क कार्डाला नीट वाटून देता येत नाही, त्यामुळे येणारा सगळा भार एकाच कोअरवर पडतो आणि बाकीचे तीन बसून असतात. ओपीएनसेन्सच्या ट्यूनेबल्समध्ये (आतल्या सेटिंगांच्या यादीत) नेट.आयएसआर.डिस्पॅचची किंमत ‘डिफर्ड’ करा, डबा पुन्हा सुरू करा. मोजणी केबल लावलेल्या लॅपटॉपवरच करायची. गिगाबिट पोर्टवर ९४०च्या आसपास आकडा आला की लाइन पूर्ण मिळाली.

उरलेलं

फायरवॉलच्या वॅनवर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. ब्रिज कितीही झकास झाला तरी त्या पत्त्यावर बाहेरून आत येता येणार नाही. पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या किंवा आयपीव्ही६ वापरा.

जुना राउटर डीएचसीपी बंद करून लॅन पोर्टने जोडा. तो आता नुसता वायफाय देईल. वॅनवरचे नियम जसे आहेत तसे ठेवा. बाहेरून येणारं सगळं मुळातच अडवलेलं असतं, तिथे स्वतःची अक्कल चालवून काही ‘अलाउ’ करू नका. सुरीकाटासारखी घुसखोरी-तपासणी पहिल्या दिवशी लावू नका. वेग खाते, आणि घरातली बहुतेक वाहतूक आज एन्क्रिप्टेड असल्याने तिला दिसतं फार कमी. कॅमेरे आणि टीव्ही वेगळ्या व्हीलॅनवर टाकणं जास्त उपयोगाचं. त्यासाठी मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच लागेल, आणि व्हीलॅन समजणारा ॲक्सेस पॉइंटही.

सगळं सुरळीत झालं की कॉन्फिगरेशनची फाइल उतरवून ठेवा, ओएनटीच्या फोटोंसोबत. उतरवताना एन्क्रिप्शनची खूण करा, कारण पीपीपीओईचा पासवर्ड त्यात सहज वाचता येतो. मदत मागायला ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.