मोकळी जमीन घेताना: सौदा ठरण्याआधी काय तपासायचं

घर विकणाऱ्याला गळकं छत आणि ओल आलेली भिंत झाकावी लागते. मोकळ्या जमिनीवर झाकण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे विकणाऱ्याचा सगळा भर सांगण्यावर असतो. इथून हमरस्ता जाणार, तिकडे तळं होणार, पलीकडे शाळा येणार. बोलण्यातली सगळी क्रियापदं भविष्यकाळातली. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे हिशेब एकच आहे: जमीन आज जशी आहे तशी तिची जी किंमत होते, तेवढीच मोजायची. उद्याच्या गोष्टी लेखी, मुदतीसह आणि न झाल्यास पैसे परत करण्याच्या अटीसह मिळाल्या तरच हिशेबात धरायच्या.

हा धंदा जुना आहे. 1822 च्या सुमारास ग्रेगर मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश माणसाने मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या 'पोयाइस' या देशातल्या जमिनी ब्रिटनमध्ये विकल्या. असा देश नव्हताच. मात्र त्याचं वर्णन करणारं जाडजूड पुस्तक होतं, आणि लोकांनी आपले पौंड देऊन बदलून घेतलेल्या पोयाइसच्या चलनी नोटाही होत्या. गंमत म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या राजाने दिलेली जमिनीची सनद मॅकग्रेगरकडे खरोखर होती. सुमारे 250 माणसं जहाजांतून तिथे उतरली तेव्हा समोर जंगल होतं. त्यांतली निम्म्याहून अधिक मेली. तेव्हा 'कागद आहेत ना!' एवढ्यावर कुणी समाधान मानू नये.

1. जागा पाहायला जाण्याआधी फेरविक्रीचा भाव काढा

बहुतेक लोक आधी जागा पाहतात, मन बसवतात आणि मग भावाची चौकशी करतात. क्रम उलटा ठेवा. आपण घ्यायला निघालोय त्याच प्रकल्पातले, म्हणजे मोठी जमीन तुकडे पाडून विकण्याच्या योजनेतले, भूखंड ज्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी घेतले, त्यांच्यापैकी कुणी विकायला काढले आहेत का, आणि त्यांना काय भाव मिळतो, एवढं शोधा. मालमत्तेच्या जाहिराती चाळल्या, परिसरातल्या दोन-तीन दलालांना फोन केले की अंदाज येतो. विकणारा नवे भूखंड चढ्या भावाने काढतोय आणि जुने ग्राहक निम्म्या किमतीतही गिऱ्हाईक शोधत बसलेत, असं दिसलं तर पुढच्या पायऱ्या वाचायचीही गरज नाही.

प्रकल्पाबाहेरच्या, पण तशाच जमिनीचा भावही विचारून ठेवा. विक्रेत्याने हातात दिलेला 'दरवाढीचा तक्ता' त्याने स्वतः वाढवलेल्या दरांचा असतो. बाजाराने ते दर मान्य केले होते का, हे त्यात कधीच नसतं.

2. मोफत जेवण, मोफत सहल आणि 'फक्त आजच'

विक्रेत्याने बोलावलेल्या मोफत जेवणाला किंवा सहलीला जायचं असेल तर जरूर जा. मात्र चेकबुक, कार्ड आणि ओळखपत्राच्या प्रती घरी ठेवा, आणि 'आज सही करायची नाही' हे घरातल्या सगळ्यांचं आधी ठरलेलं असू द्या. तिथे काय होतं याचा साचा ठरलेला आहे. भिंतीवरच्या नकाशात निम्म्याहून जास्त चौकटींवर 'विकला' असं लिहिलेलं असतं. आपण एखाद्या भूखंडाबद्दल विचारलं की नेमका तोच आत्ता कुणीतरी आरक्षित केला अशी आरोळी उठते. एक विक्रेता दमला की दुसरा 'साहेब' म्हणून येतो आणि खास आपल्यासाठी सूट मंजूर करून आणतो.

जमीन कुठे पळून जात नाही. आठ दिवसांनी ती तिथेच असणार आहे. घाई फक्त विक्रेत्याला असते, कारण आठ दिवसांत आपण चौकशी करू याची त्याला धास्ती असते.

1960 च्या दशकात फ्लोरिडातल्या 'गोल्डन गेट इस्टेट्स'चे भूखंड असेच मेजवान्या देऊन आणि विमानातून जागा दाखवून विकले गेले. जमीन दलदलीची होती. कालवे खणून पाणी काढलं, रस्ते आखले, तरी पावसाळ्यात मोठा भाग पाण्याखाली जाई. पुढे सरकारने त्यातल्या दक्षिणेकडच्या भागातले भूखंड हजारो मालकांकडून विकत घेतले. नंतर तिथले कालवे बुजवून आणि रस्ते उखडून दलदल पूर्ववत करण्याचं काम हाती घेतलं गेलं.

3. जागेवर स्वतः जा, आणि पावसात जा

न पाहता जमीन घ्यायची नाही, हे सांगायला नको. पण विक्रेत्याच्या गाडीतून जाऊन पाहणं हेही जवळजवळ न पाहण्यासारखंच. तो चांगल्या रस्त्याने नेतो, बोलत राहतो आणि अंतर मिनिटांत सांगतो. भूखंडाच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश लेखी मागून घ्या आणि ते फोनच्या नकाशात टाकून आपले आपण पोहोचा. चार्ल्स पाँझी, ज्याच्या नावाने गुंतवणुकीतला प्रसिद्ध घोटाळा ओळखला जातो, त्यानेही 1925 मध्ये फ्लोरिडात जमीन विकली होती. जॅक्सनव्हिल शहराजवळची म्हणून जी जागा जाहीर केली होती, ती त्या शहरापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर निघाली. 'जवळ' या शब्दाला कायद्यात माप नाही.

दाखवला एक भूखंड आणि करारात दुसरा, हाही नेहमीचा प्रकार. पाहिलेल्या जागेचे फोटो स्थळाच्या नोंदीसह काढा आणि करारातला क्रमांक, चतुःसीमा व मोजमाप त्यांच्याशी जुळवा.

जमिनीचा खरा स्वभाव पावसात कळतो. कोरड्या दिवसांत सपाट, छान वाटणारी जागा ओल्या दिवसांत डबकं असू शकते. तितके दिवस थांबणं शक्य नसेल तर गूगल अर्थसारख्या ठिकाणी जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं पाहा. पाणी कुठे साचतं, नाला पूर्वी कुठून वाहत होता, जागेवर कुणी भराव टाकलाय का, हे त्यांत दिसतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे शेजारच्या माणसाला विचारणं. त्याला त्या विक्रीत दलाली मिळत नाही.

पुराच्या बाबतीत एका शब्दाने फार लोक फसतात. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं निश्चिंती, असा अर्थ नाही. दर वर्षी 1 टक्का शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. 30 वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता साधारण 26 टक्के होते.

4. हद्द, आणि त्याहून महत्त्वाचा रस्ता

जागेवर रोवलेले खुंट आणि रंगवलेले दगड ही विक्रेत्याची सजावट आहे असं धरून चाला. मोजणी आपण नेमलेल्या भूमापकाकडून, पैसे आपण देऊन करून घ्या. खर्च वाटतो, पण जमीन कमी भरली किंवा शेजाऱ्याचं कुंपण आत आलेलं निघालं तर तो एका क्षणात वसूल होतो.

रस्त्याबाबत दोन वेगळे प्रश्न विचारायचे. गाडी जागेपर्यंत जाते का? आणि ती जायचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे का? पहिल्याचं उत्तर डोळ्यांना दिसतं म्हणून लोक दुसरा विचारतच नाहीत. मधली वाट दुसऱ्याच्या मालकीची असेल आणि वहिवाटीचा, म्हणजे तिथून जाण्या-येण्याचा, हक्क कुठे नोंदलेला नसेल, तर उद्या तिथे फाटक बसलं की आपली जमीन बेट होते. कर्ज देणारा मागे हटतो आणि पुढे गिऱ्हाईकही मिळत नाही. तो हक्क नोंदणीकृत दस्तात दाखवा, असं सरळ म्हणा. नकाशावर दोन रेघा काढल्या म्हणून रस्ता होत नाही. तो कोण बांधणार, दुरुस्त कोण करणार, खर्च कुणावर, हेही लेखी हवं.

5. विकणारा मालक आहे का?

'नोंदणी करून देतो' हे ऐकून निर्धास्त होऊ नका. 1858 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने अशी पद्धत आली की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. ती पुढे अनेक देशांनी घेतली. पण पुष्कळ ठिकाणी नोंदणी कार्यालय फक्त 'अमुकाने तमुकाला हा दस्त करून दिला' एवढंच नोंदवतं. देणाऱ्याकडे देण्यासारखं काही होतं का, हे ते तपासतंच असं नाही. आपल्याकडे कोणती पद्धत आहे हे वकिलाला विचारा, आणि तो वकील विक्रेत्याने सुचवलेला नको.

वकिलाकडून मालकीची साखळी (जमीन कुणाकडून कुणाकडे आली), जमिनीवरचा बोजा (कर्ज, गहाण), थकलेले कर आणि चालू दावे यांचा शोध अहवाल घ्या. त्यात तीन गोष्टींवर बोट ठेवून विचारा. विक्री कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाने दुसऱ्याला दिलेल्या अधिकारपत्रावर, होत असेल तर ते अजून चालू आहे का आणि मूळ मालक हयात आहे का? आपल्याला मिळतोय तो वेगळा, मोजलेला तुकडा की मोठ्या जमिनीतला अविभक्त हिस्सा? अविभक्त हिस्सा म्हणजे कागदावर टक्केवारी, जागेवर एकही कोपरा आपला नाही. आणि जमिनीखालच्या खनिजांचे हक्क कुणी आधीच वेगळे काढून विकलेत का? काही देशांत वरची माती एकाची आणि खालचं खनिज दुसऱ्याचं असतं, आणि खालच्याला खणायला वर यायचा हक्क असू शकतो.

6. तिथे बांधता येईल का, हे परवानगी देणाऱ्यालाच विचारा

ब्रिटनमध्ये शेतांचे लहान लहान तुकडे करून, लवकरच बांधकामाची परवानगी मिळणार असं सांगत ते गुंतवणूक म्हणून विकण्याचा धंदा चालला. त्यांतली बरीच शेतं बांधकामावर कडक निर्बंध असलेल्या हरित पट्ट्यात होती. 'प्रस्ताव पाठवलाय' आणि 'परवानगी मिळाली' यांत विक्रेता फरक करत नाही, आपण करायचा. स्थानिक नियोजन कार्यालयात जाऊन त्या क्रमांकाच्या जमिनीवर आज काय करता येतं, ते लेखी घ्या.

पाणी, वीज, सांडपाणी यांचंही तसंच. खांब शेजारून गेला म्हणजे वीज आली असं नाही. जोडणीचा खर्च वीज कंपनीकडून लेखी मागवा. सांडपाण्याची वाहिनी नसेल तर शोषखड्ड्यासाठी माती पाणी जिरवते का, याची चाचणी होते. माती चिकण असेल, तर त्या जागेवर घराला परवानगी मिळणंच अवघड होऊ शकतं.

7. करार

विक्रेत्याने तोंडी दिलेली सगळी आश्वासनं एका कागदावर उतरवा आणि त्याला म्हणा, हा कागद कराराला जोडा. बहुतेक छापील करारांत 'तोंडी आश्वासनं बंधनकारक नाहीत' असं एक कलम असतंच. ते दाखवून विचारा, मग तुम्ही तासभर काय सांगत होता? 'भाव पडला तर आम्हीच परत विकत घेऊ' हे वाक्य लिहून द्यायला सांगितल्यावर चेहरा कसा बदलतो, ते पाहण्यासारखं असतं.

हप्त्यांच्या सौद्यात एक खाच आहे. काही करारांत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राहते. दहा वर्षं हप्ते भरून शेवटच्या वर्षी दोन चुकले, तर जमीन त्याची आणि भरलेले पैसेही त्याचेच, असं कलम असू शकतं. शिवाय मध्येच त्याने ती जमीन गहाण टाकली तर? म्हणून मालकी कधी बदलेल, हप्ता चुकल्यास काय आणि व्याजासह एकूण किती रक्कम जाईल, हे तीन आकडे-तारखा वेगळ्या कागदावर लिहून काढा. विसार (सौदा ठरवताना दिलेली आगाऊ रक्कम) द्यायचाच तर त्रयस्थाच्या खात्यात, 'कागदपत्रांत दोष निघाल्यास पूर्ण परत' या अटीवर. रोख कधीच नाही.

8. सही करून बसला असाल तर

उशीर करू नका. काही देशांत सौदा मोडायला ठरावीक दिवस मिळतात. अमेरिकेत 1968 च्या केंद्रीय कायद्याने, त्याच्या कक्षेत येणाऱ्या भूखंडांच्या ग्राहकाला सही केल्यापासून 7 दिवसांत करार रद्द करता येतो. सहीआधी विक्रेत्याने जमिनीची माहिती देणारा अहवाल हाती दिला नसेल, तर ही मुदत 2 वर्षांपर्यंत जाते. आपल्या ठिकाणचा नियम त्याच दिवशी वकिलाला विचारा आणि रद्द करत असल्याचं पत्र पोहोच मिळेल अशा मार्गाने पाठवा. माहितीपत्रकं, संदेश, जाहिराती यांतलं काही फेकू नका. तक्रार करताना तोच पुरावा असतो.

आणि एक फोन नक्की येईल. ज्यांनी एकदा अशी जमीन घेतली त्यांच्या याद्या विकल्या जातात. पलीकडचा माणूस सांगेल, तुमच्या भूखंडाला दुपटीने घेणारं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जाहिरातीचा, कागदपत्रांचा, कराचा खर्च आधी पाठवा. त्याला म्हणायचं, तुमचा सगळा खर्च विक्रीच्या रकमेतून कापून घ्या. बहुतेक वेळा फोन तिथेच बंद होतो.