भाड्याच्या घरात गळती, ओल, वायरिंग: कोणी करायचं, आणि मालकाने नाही केलं तर?

नाशकात पाथर्डी फाट्याला राहायचो तेव्हा जुलैत बेडरूमच्या भिंतीला ओल आली, कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी आणि दोन शर्टांची पार वाट. मालक म्हणाले, "बघू पावसाळा गेल्यावर." पावसाळा गेला, ते विसरले, आणि घर सोडताना पेंटिंगचे पैसे मात्र डिपॉझिटमधून बरोब्बर कापले.

तर आधी ॲग्रीमेंटच्या वरती काय लिहिलंय ते वाचा. नाशकात बहुतेकांचं ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स असतं, आणि त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, फक्त वापरायची परवानगी घेतलेले असता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकाची, पण ते कलम भाडेकरूसाठी आहे. लायसन्सवाल्याने रिपेअरिंगचं ॲग्रीमेंटमध्येच लिहून घ्यायचं, नंतर भांडून उपयोग नाही.

मी आता हे टाकायला लावतो: बल्ब, नळाचा वॉशर माझ्याकडे, गळती, ओल, वायरिंग, टाकी, पंप मालकाकडे, कळवल्यापासून ७ दिवसांत नाही झालं तर मी करून घेणार आणि बिल भाड्यातून वजा. डिपॉझिट किती दिवसांत परत आणि पेंटिंगचं कोणी द्यायचं तेही. एजंट म्हणेल "असं कोणी लिहीत नाही हो", लिहितात, सांगावं लागतं एवढंच.

ॲग्रीमेंट रजिस्टर पाहिजेच. कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची, आणि नसेल केलं तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल उलटं सिद्ध होईपर्यंत तुमचं म्हणणं खरं धरलं जातं. आधार आणि अंगठा लावून ऑनलाइन होतं, त्यामुळे "वेळ नाही" हे कारण चालत नाही.

चावी घ्यायच्या दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. सगळे नळ सोडून, फ्लश करून, सिंकखाली मोबाईलचा टॉर्च मारून, बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून आणि मीटरचं रीडिंग घेऊन, मग तो मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणजे तारीख राहते. शेजाऱ्यांना पाणी किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का विचारा, मालकाला विचारून काय कळणार.

मुदत संपल्यावर मात्र अडून बसू नका, लायसन्समध्ये कलम २४ ने ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट पैसे लागू शकतात.

पंचवटी, जुन्या नाशकातल्या वाड्यांमधल्या जुन्या भाडेकरूंचं वेगळं, त्यांना कलम १४ थेट लागू. मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या, पोस्टाने, पोचपावती जपून. तरी हलला नाही तर रिपेअर करून खर्च भाड्यातून कापता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच, आणि वाड्याचं भाडं बघता त्यात चार कौलंही बदलून होत नाहीत, म्हणून सगळे भाडेकरू मिळूनच नोटीस द्या. पाणी, लाइट, जिन्यातला दिवा मालकाने बंद केला तर कलम २९ खाली कोर्टात जाता येतं. भाड्याची पावती मागा, ती देणं त्याला बंधनकारक आहे. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, तुमच्या दाराला लागली तर पावत्या आणि लाइटबिलं आधी पिशवीत भरून नातेवाइकांकडे ठेवा, भांडीकुंडी मग.